कानातला घट्ट मळ: घरी कसा काढायचा आणि कुठे थांबायचं

रात्री डोक्यावरून अंघोळ केली, टॉवेलने केस पुसले आणि उजवा कान एकदम बंद झाला. स्वतःचाच आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमायला लागला. कानात दडा बसला म्हणतात तो असा. अशा वेळी हात आपोआप कॉटन बडकडे, हेअरपिनकडे, जे काही टोकदार जवळ असेल त्याच्याकडे जातो. मीही बड घेतला. टोकाला थोडा पिवळा मळ लागून आला, बरं वाटलं, म्हणून आणखी आत घातला. सकाळी कान पूर्ण बंद होता आणि वर ठणका लागला होता.

दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून आतलं चित्र स्क्रीनवर दाखवलं. काळपट तपकिरी गोळा कानाची पोकळी पूर्ण अडवून बसला होता. त्याच्या दर्शनी बाजूला मधोमध एक गुळगुळीत खळगा होता, कॉटन बडच्या टोकाच्या मापाचा, आणि त्यात कापसाचे दोन-तीन पांढरे तंतू रुतले होते. मळ काढायचा म्हणून मी तो ठासून भरला होता, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा काय असणार!

तेव्हापासून घरात कुणाचाही कान बसला की मी एकाच पद्धतीने जाते: मळ मऊ करायचा, वाट पाहायची, गरज पडली तरच कोमट पाणी आणि कानात टोकदार काही घालायचं नाही. ती पद्धत इथे नीट सांगते. कुठे हात आवरायचा तेही सांगते, कारण तेवढं कळलं नाही तर उरलेल्याचा उपयोग नाही.

मळ असतो कुठे आणि अडकतो का

बाहेरच्या छिद्रापासून कानाच्या पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण २.५ सेंटीमीटर लांब असते. ती सरळ नसते, तिला हलकी वळणं असतात. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचीक. तिथेच बारीक केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतल्या दोन तृतीयांश भागात अगदी पातळ कातडी थेट हाडावर ताणून बसवलेली असते. म्हणून तिथे नुसता स्पर्श झाला तरी कळ मस्तकात जाते, आणि जरा घासलं तरी रक्त येतं.

या रचनेतून एक गोष्ट सरळच निघते. मळ फक्त बाहेरच्या भागात तयार होतो. तो पडद्याजवळ सापडला, तर बहुतेक वेळा कुणीतरी तिथे ढकललेला असतो.

आपण त्याला मळ म्हणतो, पण तो घाण नाही. त्यात मृत त्वचेच्या बारीक खपल्या, ग्रंथींचा तेलकट स्राव आणि गळालेले केस असतात. तो किंचित आम्लधर्मी असल्याने जंतू आणि बुरशी सहज वाढत नाहीत. पाणी आत मुरू देत नाही, धूळ धरून ठेवतो. आणि तो स्वतःहून बाहेर येतो. कानाच्या आतली कातडी पडद्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने सरकत असते, साधारण नख वाढतं त्या वेगाने, आणि मळाला सोबत घेऊन येते. बोलताना-चावताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते. कानाच्या तोंडाशी दिसतो तो मळ म्हणजे कानाने आपलं काम पूर्ण केल्याची खूण. तेवढा पुसायचा, बस.

हे सरकणं कुठेतरी बिघडलं की मळ साचतो. बड आणि कोरणं हे नेहमीचं कारण. दिवसभर कानात खुपसलेले इअरफोन किंवा श्रवणयंत्र मळाची वाट अडवतात. काहींची नळीच अरुंद असते, काहींच्या कानात केस दाट असतात, वयाबरोबर मळ कोरडा आणि चिवट होतो. इसब किंवा सोरायसिस असेल तर खपल्या जास्त पडतात. मळ ओला, मधासारखा चिकट होणार की कोरडा, भुश्यासारखा, हेसुद्धा मुख्यतः एका जनुकावर ठरतं. एबीसीसी११ हे त्याचं नाव, २००६ मध्ये जपानी संशोधकांनी ते दाखवून दिलं. त्यामुळे एकाच्या कानात सदानकदा मळ आणि दुसऱ्याच्या कानात नाही, यात स्वच्छतेचा संबंध जवळजवळ नसतो. मुलांना यावरून ओरडू नका.

अंघोळीनंतर कान अचानक बसतो त्याचंही कारण साधं आहे. साचलेल्या मळाशेजारी जरा फट असते तोवर ऐकू येत राहतं. पाणी लागलं की मळ फुगतो आणि ती उरलेली फट बंद होते.

आधी खात्री: हा मळच आहे ना?

हा भाग सोडून पुढे जाऊ नका. कान बंद वाटण्याची कारणं अनेक असतात: सर्दीमुळे पडद्यामागे साठलेलं पाणी, बुरशी, जंतुसंसर्ग, आणि एक फार गंभीर कारण, आतल्या कानाची नस अचानक निकामी होणं.

मळाच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी अशा: कान भरल्यासारखा वाटतो, ऐकू कमी येतं, कधी आत गुणगुण होते, खाज येते, पण ताप नाही, पाणी वाहत नाही, फारसं दुखत नाही. काहींना चक्क कोरडा खोकला येतो. कानाच्या नळीत व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक फांदी येते, तिला मळाचा धक्का लागला की घशात खवखवतं.

एक छोटी चाचणी करून पाहा. तोंड मिटून “हंऽऽ” असा एकसुरी आवाज काढा आणि तो कुठल्या कानात जास्त घुमतो ते ऐका. मळासारखा बाहेरचा अडथळा असेल तर आवाज बंद कानात मोठा वाटतो. पटत नसेल तर चांगल्या कानात बोट घालून तोच आवाज काढा, तो लगेच त्या कानात जाईल. पण बंद पडलेल्या कानात तो घुमतच नसेल, उलट चांगल्याच कानात मोठा येत असेल, तर गडबड नसेमध्ये असू शकते. डॉक्टर हीच गोष्ट कंपनकाट्याने (ट्यूनिंग फोर्कने) तपासतात, तिला वेबर चाचणी म्हणतात. घरची चाचणी हे निदान नव्हे, पण इशारा म्हणून मोलाची आहे.

तासाभरात किंवा रात्रीतून एका कानाचं ऐकू येणं गेलं, सोबत जोरात शीळ वाजते किंवा गरगरतं, तर तेल घालून आठवडाभर वाट पाहू नका. नसेचा बहिरेपणा असेल तर त्यावरची स्टिरॉइडची औषधं पहिल्या दोन आठवड्यांत, शक्य तितक्या लवकर सुरू व्हावी लागतात. “मळ असेल” म्हणत ते दिवस घालवणं ही या सगळ्या विषयातली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान दाखवा.

दुसरी तपासणी बोटाने. कानाची पाळी हळूच ओढा, मग छिद्रासमोरचा छोटा उंचवटा दाबा. यातल्या कशानेही दुखलं तर नळीला सूज किंवा संसर्ग आहे. त्या कानात घरी काही घालायचं नाही.

घरचा प्रयोग ज्यांनी अजिबात करू नये ते असे. पडद्याला भोक आहे किंवा पूर्वी कधी होतं, कानाचं ऑपरेशन झालंय, पडद्यात नळी बसवलेली आहे. कानातून पू, पाणी किंवा रक्त येतंय. ताप किंवा तीव्र वेदना आहे. डोक्या-मानेला किरणोपचार झालेले आहेत. ऐकू येणारा कान एकच आहे, म्हणजे तो गेला तर काहीच उरणार नाही. मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर पाण्याने धुणं पूर्ण टाळा, कारण अशा माणसांत नळीतला साधा संसर्ग हाडापर्यंत उतरू शकतो. थेंबसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

कानात घालायचं काय

तेल, ग्लिसरीन, सलाइन, खाण्याच्या सोड्याचे थेंब, पेरॉक्साइडचे थेंब: प्रत्येकाचं आपलं एक खात्रीचं औषध असतं. कोक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये या विषयावरचे प्रयोग एकत्र करून तपासले. पाच दिवस थेंब घातले तर मळ पूर्ण निघण्याची शक्यता वाढू शकते, पण अमुक एक थेंब बाकीच्यांपेक्षा सरस आहेत असा पुरावा त्यांना मिळाला नाही. साधं पाणी किंवा सलाइनपेक्षा औषधी थेंब खरंच चांगले का, हेही ठामपणे सांगता आलं नाही. म्हणून मी महागड्या बाटलीमागे लागत नाही. कानाला त्रास न देणारं काहीतरी निवडते आणि ते नीट, नियमाने घालते.

माझी पहिली पसंती ऑलिव्ह तेल किंवा बेबी ऑइल म्हणून मिळणारं शुद्ध खनिज तेल. कोरड्या, खपल्यांच्या मळाला तेल विशेष मानवतं, नळीची कातडीही मऊ राहते. बदाम तेलही चालतं, पण सुक्या मेव्याची किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याच्या कानात त्यांचं तेल घालू नका. तेल स्वच्छ, गाळीव आणि नव्या बाटलीतलं असू द्या. स्वयंपाकघरात वापरातलं, काही टाकून उकळलेलं तेल नको.

दगडासारख्या घट्ट मळासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटचे, म्हणजे खाण्याच्या सोड्याचे थेंब चांगले. तेल मळ नुसता मऊ करतं, हे पाण्यातले थेंब त्याचा भुगा करतात. फार दिवस वापरले तर कातडी कोरडी पडते, एवढंच लक्षात ठेवायचं.

पेरॉक्साइडबद्दल थोडं सांभाळून. कार्बामाइड पेरॉक्साइडचे ६.५ टक्क्यांचे थेंब कानासाठीच बनवलेले असतात. आत गेल्यावर ते फेसाळतात, कानात सोड्याची बाटली उघडल्यासारखा चुरचुर आवाज येतो. तो घाबरण्यासारखा नाही. चार दिवसांहून जास्त वापरायचे नाहीत आणि १२ वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय द्यायचे नाहीत. जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणार असाल तर ३ टक्क्यांपेक्षा तीव्र कधीच नाही, आणि तेही तितकंच पाणी मिसळून. केस रंगवायला वापरतात ते तीव्र द्रावण कातडी भाजून काढतं.

दोन वेगवेगळे थेंब एकाच वेळी एका कानात घालू नका. एक निवडा आणि त्याला दिवस द्या.

थेंब घालायची पद्धत

निम्मं काम इथेच होतं आणि बहुतेक लोक हेच घाईत उरकतात. उभ्याउभ्या दोन थेंब टाकायचे, डोकं सरळ करायचं, थेंब गळ्यावर ओघळतात, आणि मग “काही उपयोग झाला नाही”.

थेंबांची बाटली आधी पाच मिनिटं मुठीत धरून ठेवा किंवा बंद बाटली कोमट पाण्याच्या वाटीत ठेवा. तेल गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. वरून कोमट वाटणारं तेल मधून कढत असू शकतं आणि कानाचा पडदा भाजला तर तो भाग कायमचा अधू होऊ शकतो. मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून पाहा. गार नाही, गरमही नाही, जाणवलाच नाही पाहिजे.

आता कुशीवर झोपा, बंद कान वर. डोक्याखाली जुना टॉवेल घ्या. मोठ्या माणसाची पाळी वरच्या बाजूला आणि मागे ओढायची, म्हणजे नळीचं वळण सरळ होतं. लहान बाळाची मात्र खाली आणि मागे. शक्यतो दुसऱ्या कुणाला तरी थेंब घालू द्या, स्वतःला आपलं छिद्र दिसत नाही. ड्रॉपरचं टोक कानाला लागू न देता तीन ते पाच थेंब नळीच्या भिंतीवरून ओघळू द्या. थेट मधोमध सोडले तर आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि थेंब वरच तरंगत राहतात. मग छिद्रासमोरचा उंचवटा बोटाने हळूहळू आठ-दहा वेळा दाबा-सोडा. आत “चुळूक” असा आवाज आला की समजायचं, थेंब खाली उतरले.

पाच ते दहा मिनिटं तसंच पडून राहा. घड्याळ लावा, कारण दोन मिनिटं अशा वेळी दहासारखी वाटतात. मग उठून कान खाली करा आणि बाहेर येईल ते टिपकागदाने पुसा. कानात कापसाचा बोळा ठासू नका, तो थेंब शोषून घेतो. उशी खराब होईल असं वाटत असेल तर बाहेर नुसता सैल बोळा टेकवा.

दिवसातून दोनदा, सकाळी आणि झोपताना, असं तीन ते पाच दिवस. मळ जुना, चिवट असेल तर आठवडाभर. कानासाठी तयार मिळणाऱ्या थेंबांच्या बाबतीत बाटलीवरची सूचना पाळा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐकू येणं आणखी कमी होऊ शकतं. मळ फुगलाय, म्हणजे औषध लागू पडतंय. बहुतेक लोक नेमके इथे घाबरतात आणि बड हातात घेतात. तो घेऊ नका. पण थेंब घातल्यावर आग झाली, दुखलं, चक्कर आली किंवा थेंबाची चव घशात उतरली, तर लगेच बंद करा. चव घशात येणं म्हणजे थेंब पडद्यापलीकडे गेले, पडद्याला भोक असणार.

बरेच कान एवढ्यावरच मोकळे होतात. एखाद्या सकाळी उशीवर तपकिरी डाग दिसतो, बाहेरच्या बाजूला मऊ मळ येतो, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक अचानक ऐकू यायला लागते. मग पुढे काही करायची गरज नाही.

कोमट पाण्याने धुणं

थेंबांनी मळ मऊ झालाय पण बाहेर येत नाही, आणि वर सांगितलेली कुठलीही अडचण तुम्हाला नाही, तरच ही पायरी. किमान तीन दिवस थेंब घातल्याशिवाय धुवायला जाऊ नका. घट्ट खड्यावर पाणी मारलं तर खडा तिथेच राहतो आणि त्यामागे पाणी अडकतं.

कान धुण्यासाठी मऊ रबरी फुग्याची पिचकारी मिळते, तीच घ्या. इंजेक्शनच्या सिरिंजमधून पाण्याची धार फार जोरात सुटते, दात साफ करायच्या यंत्रातून तर त्याहून जोरात. पडदा फाटण्याइतका दाब त्यातून येऊ शकतो.

पाणी उकळून कोमट केलेलं हवं आणि त्याचं तापमान शरीराइतकं, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस. थर्मामीटर असेल तर वापराच. यामागे एक जुनी हकिगत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नामध्ये रॉबर्ट बारानी नावाचे डॉक्टर रुग्णांचे कान धुवायचे, आणि रुग्ण चक्कर येते म्हणून तक्रार करायचे. पाणी गार असलं की डोळे एका दिशेने थरथरत, गरम असलं की उलट दिशेने, आणि शरीराइतकं कोमट असलं की काहीच होत नसे. तोल सांभाळणारं इंद्रिय नळीच्या अगदी शेजारी असतं. तापमानातल्या फरकाने त्यातला द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं, डोकं फिरतंय. या अभ्यासासाठी बारानींना १९१४ चं नोबेल मिळालं. कान धुताना पाण्याकडे दुर्लक्ष केलं तर तीच चक्कर आपल्याला बाथरूमच्या ओल्या फरशीवर येते, म्हणून धुताना बसूनच राहा.

खुर्चीवर बसा, खांद्यावर टॉवेल घ्या, कानाखाली गळ्याला लावून एक वाडगं धरा. पिचकारीत पाणी भरा आणि पहिलं थोडं वाडग्यात सोडा, म्हणजे हवा निघून जाते. पाळी वर-मागे ओढा. पिचकारीचं टोक छिद्राच्या तोंडाशीच ठेवायचं, आत खुपसून नळी बंद करायची नाही. पाण्याला परत यायला जागा पाहिजे. धार पडद्यावर सरळ न मारता नळीच्या वरच्या आणि मागच्या भिंतीवर तिरकी सोडा. पाणी भिंतीवरून आत जातं, वळतं आणि मळाच्या मागून त्याला बाहेर ढकलतं. फुगा सावकाश दाबा. सुरुवातीला जेमतेम ओघळेल इतकं, मग अगदी थोडं जास्त.

दोन-तीन पिचकाऱ्यांनंतर थांबून वाडग्यात पाहा. आधी पाणी गढूळ होतं, मग तपकिरी तुकडे येतात, आणि कधीकधी अख्खा गोळा “टुप्” करून पडतो, वाळलेल्या डिंकाच्या खड्यासारखा, एका बाजूने नळीचा आकार घेतलेला. तो पडला की कानात एकदम वारा शिरल्यासारखं वाटतं. आवाज काही वेळ फार मोठे, टोकदार लागतात. कानाला सवय व्हायला तास-दोन तास जातात.

पाच-सहा पिचकाऱ्यांत काही आलं नाही तर कानात थोडं कोमट पाणी सोडून १५ मिनिटं थांबा आणि आणखी एकदाच प्रयत्न करा. तरीही नाही, तर त्या दिवशी बंद. पुन्हा दोन-तीन दिवस थेंब घाला आणि एकदा धुऊन पाहा. दुसऱ्या खेपेलाही मळ हलला नाही तर घरचे उपाय संपले, कान दाखवायचा. धुताना कळ आली, गरगरलं, मळमळलं, पाण्यात रक्त दिसलं, तर त्या क्षणी पिचकारी खाली ठेवा.

नंतर कान कोरडा करणं तितकंच महत्त्वाचं, कारण ओलसर नळी बुरशीला आवडते. कान खाली करून पाळी हलवा, पाणी गळू द्या, बाहेरून टॉवेलने टिपा. हेअर ड्रायर वापरायचा तर सगळ्यात थंड आणि मंद हवेवर, हातभर अंतरावरून.

या गोष्टींना हात लावू नका

कानात मेणबत्तीसारखी पोकळ नळी खोचून पेटवतात, ती मळ ओढून घेते असं सांगतात. ओढत काहीच नाही. नळीत शेवटी जो पिवळा गाळ दिसतो तो तिच्याच मेणाचा असतो, ती कानात न घालता जाळली तरी दिसतो. उलट भाजण्याचे, वितळलेलं मेण कानात सांडण्याचे प्रकार घडले आहेत. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने याविरुद्ध इशाराही दिलेला आहे.

मोबाइलला जोडायचे कॅमेऱ्याचे चमचे हल्ली खूप दिसतात. कानात बघायला कॅमेरा ठीक, कोरायला नको. मोबाइलवर दिसणारं चित्र सपाट असतं, कानाचा पडदा किती जवळ आलाय ते त्यात कळत नाही, आणि शेजारून कुणी हाताला धक्का दिला तर सावरायला वेळ नसतो. स्प्रिंगसारखे पिळे असलेली टोकं आणि छोटे व्हॅक्यूमही तसेच. पिळे मळ आत रेटतात, व्हॅक्यूममध्ये तेवढा जोर नसतो.

आणि बड. बहुतेक पाकिटांवरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कानाच्या नळीत घालू नका.

लहान मुलं आणि घरातली वयस्कर माणसं

मुलाच्या कानात मळ दिसतो म्हणून काढायचा नसतो. त्याला ऐकू येतंय, दुखत नाही, तर सोडून द्या. काढायचाच असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून फक्त थेंब, पाण्याची पिचकारी घरी नाही. लहान मुलं कानात मणी, बिया, कागद घालतात, हे मनात असू द्या. वाळलेली बी असेल तर पाण्याने ती फुगून घट्ट बसते. घड्याळाची चपटी बॅटरी असण्याची नुसती शंका आली तरी कसलेही थेंब न घालता ताबडतोब रुग्णालय गाठा, ती काही तासांत आतली कातडी जाळते.

वयस्कर माणसांबाबत मला मनापासून सांगावंसं वाटतं. टीव्हीचा आवाज वाढत गेला, दोनदा हाक मारावी लागते, जेवताना गप्पांतून ती बाजूला पडली, की आपण वय झालं म्हणून मोकळे होतो. माझ्या आईचं आम्ही वर्षभर असंच धरून चाललो होतो. दोन्ही कानांत मळ होता. काढल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल तर, “पंखा एवढा वाजतो का गं?” सगळा बहिरेपणा मळाचा नसतो, पण श्रवणयंत्रावर पैसे घालण्याआधी एकदा कानात डोकावून पाहायलाच हवं. ज्यांना विसरायला होतं त्यांना कान बसल्याचं सांगताही येत नाही, ती माणसं नुसती गोंधळलेली, चिडचिडी दिसतात.

दवाखान्यात काय होतं

मळ काढण्याची भीती वाटण्यासारखं काही नसतं. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून पाहत बारीक नळीने मळ शोषून घेतात, किंवा बोथट कड्याने ओढतात, किंवा दाब मोजून-मापून पाण्याने धुतात. शोषताना कानाजवळ सूं सूं असा मोठा आवाज येतो, क्षणभर गरगरू शकतं. काम बहुतेकदा काही मिनिटांत उरकतं. जाण्याआधी तीन-चार दिवस तेलाचे थेंब घातलेले असतील तर आणखी सोपं जातं. कुठले थेंब घातले, किती दिवस, धुतला का, बड घातला का, सगळं खरं सांगा.

पुन्हा साचू नये म्हणून

ज्यांचा मळ वरचेवर साचतो त्यांनी आठवड्यातून एकदा झोपताना दोन-तीन थेंब तेल घालावं, पडदा शाबूत असेल तर. बाकीच्यांना तेही नको. अंघोळीनंतर ओल्या फडक्यात बोट गुंडाळून बाहेरचा कान आणि छिद्राचं तोंड पुसायचं, बोट जाईल तेवढंच. इअरफोन रोज पुसा आणि कानांना दिवसातून काही तास मोकळी हवा मिळू द्या. खाज सारखी येत असेल तर ती बहुधा मळाची नसते, कोरड्या कातडीची किंवा इसबाची असते, आणि तिच्यावर वेगळं औषध आहे.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी कानातला भाग रोज रात्री कोरड्या मऊ कापडाने पुसावा आणि मळ अडवणारी बारीक जाळी भरली की बदलावी. यंत्र अचानक शिट्टी मारायला लागलं किंवा आवाज बारीक झाला, तर दुरुस्तीला टाकण्याआधी कान तपासून घ्या. आवाज मळावर आदळून परत यंत्रात शिरतो, त्यानेही शिट्टी वाजते. तेलाचे थेंब घातलेल्या रात्री यंत्र लावू नका, सकाळी कान कोरडा पुसून मग लावा.